‘हार्टबीट लॉस्ट’ दाखवून साखर कारखान्यातली गव्हाण पुन्हा पुन्हा थांबते तेव्हा: उशीर कुठे साठतो ते असं शोधा

लक्षण असं. कॅन बसवर (अनेक कंट्रोलरना एकाच केबलवर बोलू देणारी जोडणी) तीन-चार कंट्रोलर कार्डं जोडलेली आहेत. प्रत्येक कार्ड ठरावीक वेळाने ‘मी चालू आहे’ सांगणारा हार्टबीट पाठवतं. सगळं सुरळीत चाललेलं असताना दिवसातून एखाद्या वेळी, कधी दोन दिवसांआड, स्क्रीनवर ‘हार्टबीट लॉस्ट’ येतं आणि यंत्र थांबतं. रीसेट मारला की लगेच चालू. वायर ठीक, कार्ड ठीक, सप्लाय ठीक. इंजिनिअर जाऊन उभा राहिला तर आठ तास काही होत नाही. तो परत निघाला की अर्ध्या वाटेत फोन येतो. ज्यांच्याकडे हे होतंय त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय, कारण या एका ट्रिपमागे (यंत्र असं आपोआप बंद पडण्यामागे) माझा महिना गेला आणि त्यातले तीन आठवडे मी चुकीच्या जागी शोधत होतो.

बेळगावात उद्यमबागेत माझं काम चालतं. एरवी फाउंड्री आणि हायड्रॉलिक प्रेसची पॅनेलं, आणि गळीत हंगाम लागला की सीमाभागातल्या साखर कारखान्यांची कामं. हे प्रकरण त्यातल्याच एका कारखान्यातलं. उसाची गव्हाण (ऊस आत वाहून नेणारा पट्टा), पुढे फायबरायझर (ऊस कुटून त्याचे तंतू करणारं यंत्र), मग पहिल्या मिलचा चूट (कुटलेला ऊस मिलमध्ये सोडणारा उभा मार्ग). तिन्ही ठिकाणी एकेक कार्ड, तिन्ही फ्रीआरटीओएसवर (छोट्या कंट्रोलरमधली कामं वेळेवर चालवणारी प्रणाली) चालणारी, आणि कंट्रोल रूममध्ये लिनक्सवरचा एक गेटवे (कार्डांकडची माहिती गोळा करणारा संगणक). चौघांना जोडणारी १८० मीटर कॅन केबल, वेग सेकंदाला २५० किलोबिट, वर कॅनओपन (संदेशांचे ठरलेले नियम). फायबरायझरच्या मोटरचे अँपिअर वाढले की गव्हाण हळू होते, चूट भरला की थांबते. फायबरायझरचं कार्ड दर ५० मिलिसेकंदांनी हार्टबीट पाठवतं आणि गव्हाणीच्या कार्डाला १५० मिलिसेकंदांत तो मिळाला नाही तर ते गव्हाण बंद करतं. (माणसाच्या जिवाशी संबंधित असलेला इमर्जन्सी स्टॉप आणि दोरीचा स्विच वेगळ्या वायरने थेट कॉन्टॅक्टरवर आहे. तो कधीही सॉफ्टवेअरच्या भरवशावर ठेवू नका.)

गव्हाण थांबली की काय होतं ते हंगामात एकदा तरी उभं राहून बघावं. फायबरायझर रिकामा फिरतो, चूटची पातळी पडते, थोड्या वेळाने बॉयलरला बगॅस (जळणाची चिपाडं) कमी पडायला लागतो. दोन मिनिटांचा थांबा असला तरी घडी परत बसेपर्यंत बराच वेळ जातो. बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते आणि तोडलेला ऊस उन्हात वाळून वजनाला आणि साखरेला कमी होत असतो. ते नुकसान शेवटी शेतकऱ्याच्या आणि कारखान्याच्या पदरात पडतं. त्यामुळे ‘रीसेट मारा, चालू होतंय ना’ हे उत्तर मला पटत नाही.

आधी वायरीचा संशय फेडून घ्या

सुरुवात सगळेच वायरीपासून करतात, आम्हीही केली, आणि ते बरोबरच आहे. फक्त ही तपासणी एकदा नीट करून संपवा. दर ट्रिपला केबल बदलत बसू नका. आम्ही दोनदा बदलली.

सप्लाय बंद करून कॅन हाय आणि कॅन लो यांच्यामध्ये मल्टिमीटर लावा. ६० ओहमच्या आसपास दिसलं पाहिजे, कारण दोन्ही टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात. १२० दिसलं तर एक गायब आहे. ४० दिसलं तर कुणीतरी मध्येच तिसरा लावलाय. नवीन कार्ड जोडताना त्यावरचा जंपर तसाच राहिला की हे होतं. त्यानंतर प्रत्येक कार्डातले कॅनचे एरर काउंटर वाचा. वायर, कनेक्टर किंवा अर्थिंग बिघडलं असेल तर हे काउंटर वाढलेले दिसतात. १२७ च्या वर गेले की कार्ड ‘एरर पॅसिव्ह’ होतं आणि पाठवण्याचा काउंटर २५५ च्या वर गेला की ते बसवरून बाजूला होतं. आमच्याकडे चारही ठिकाणी काउंटर शून्य होते. ट्रिपच्या आधीही शून्य, नंतरही शून्य. तिथेच मला कळायला हवं होतं की संदेश तुटलाच नव्हता. तो पोचला होता, फक्त वेळेवर पोचला नव्हता.

अण्णांची वही

गव्हाणीवर जुने ऑपरेटर आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. तिसऱ्यांदा केबलचं बंडल घेऊन गेलो तेव्हा त्यांनी मला बाजूला बोलावलं.

“साहेब, वायरीचं काय चुकलंय? पाळी बदलली की थांबालंय बघा.”

“रोज?”

“रोज नव्हे. पण थांबलं तर तेव्हाच.”

त्यांच्याकडे शंभर पानी वही होती. त्यात प्रत्येक थांब्याची वेळ आणि पुढे दोन शब्द. कारखान्यात पाळ्या चार ते बारा, बारा ते आठ, आठ ते चार. वहीतल्या एकोणीस थांब्यांपैकी सोळा या तीन वेळांच्या पुढच्या दहा मिनिटांतले होते. उरलेल्या तिघांपुढे ‘केमिस्ट साहेबांनी रिपोर्ट मागितला’ असं लिहिलं होतं. मी तीन आठवडे ऑसिलोस्कोपवर जे शोधत होतो ते त्या पानावर निळ्या शाईत होतं.

पाळी बदलताना काय होतं? गेटवे सगळ्या कार्डांकडून आठ तासांची नोंद मागवतो. त्याच वेळी नवीन माणूस येऊन पॅनेलवरच्या छोट्या स्क्रीनवर पाळीचा गोषवारा उघडतो. म्हणजे एकाच मिनिटात बसवर गर्दी आणि कार्डाच्या आतही गर्दी.

तुमच्याकडेही यंत्र चालवणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी विचारा: कधी थांबतं आणि तेव्हा आणखी काय चाललेलं असतं? लॉग फाइल उघडण्याच्या आधी विचारा.

तीन आकडे, प्रत्येक एकाच घड्याळावर

इथे एक खड्डा आहे, त्यात मी पडलो होतो. फायबरायझरच्या कार्डाचा लॉग आणि गव्हाणीच्या कार्डाचा लॉग शेजारी ठेवून वेळा जुळवत बसलो, तर हार्टबीट पाठवण्याच्या आधीच पोचला असं दिसायला लागलं. कारण साधं आहे. साधा क्रिस्टल दहा लाखांत २० इतका मागेपुढे असतो, म्हणजे दिवसाला १.७ सेकंद. एक कार्ड पुढे आणि एक मागे असेल तर एका दिवसात तीन-साडेतीन सेकंदांची तफावत. अशा दोन घड्याळांवरून ५० मिलिसेकंदांचा हिशोब लागत नाही.

सगळ्यांची घड्याळं जुळवणं हा एक उपाय आहे. इथरनेटवर त्यासाठी पीटीपी (घड्याळं जुळवणारा प्रोटोकॉल) आहे, कॅनवर दर सेकंदाला एक सिंक संदेश पाठवला तरी भागतं. एका सेकंदात दोन क्रिस्टल फार तर ४० मायक्रोसेकंद फाकतात. पण नुसता दोष शोधायचा असेल तर एवढंही लागत नाही. प्रत्येक मोजमाप एकाच कार्डाच्या घड्याळावर संपेल असं करा. मी हे तीन आकडे मोजले आणि प्रत्येकाची आजवरची कमाल किंमत मेमरीत ठेवली:

पहिला, पाठवणाऱ्या कार्डात: हार्टबीट निघायची वेळ झाली तिथपासून तो कॅन कंट्रोलरच्या हवाली होईपर्यंत.

दुसरा, त्याच कार्डात: हवाली झाल्यापासून ‘पाठवून झालं’ असा इंटरप्ट (प्रोसेसरला मिळणारा इशारा) येईपर्यंत.

तिसरा, घेणाऱ्या कार्डात: मागचा हार्टबीट आणि हा हार्टबीट यांच्यातलं अंतर.

पहिला आकडा मोठा असेल तर दोष टास्कच्या (कार्डातल्या प्रोग्रॅमच्या एकेका कामाच्या) वेळापत्रकात. दुसरा मोठा असेल तर बसवरच्या रांगेत. तिसरा एकटाच मोठा असेल तर घेणाऱ्या कार्डातला टास्क उशिरा जागा होतोय. हा कोड पंधरा-वीस ओळींचा आहे आणि तो कायमचा आत राहू द्यावा असं माझं मत आहे.

दोन दिवसांनी आकडे मिळाले. पहिल्याची कमाल ४८ मिलिसेकंद, दुसऱ्याची ६९, आणि ट्रिप झाली त्या क्षणी तिसरा १६७.

४८ कुठून आले

फायबरायझरच्या कार्डात तीन टास्क महत्त्वाचे. सर्वात वरच्या प्रायॉरिटीचा कंट्रोल टास्क, तोच हार्टबीटही पाठवतो. मधला, स्क्रीनवर आकडे आणि आलेख काढणारा. सर्वात खालचा, नोंदी ठेवणारा. वरचा आणि खालचा दोघेही अँपिअरच्या एकाच टेबलाला हात लावतात, म्हणून त्यावर लॉक होतं (एका वेळी एकालाच आत सोडणारी कडी).

आता क्रम बघा. नोंदीच्या टास्कने लॉक घेतलं. त्याचं काम दोन मिलिसेकंदांचं. तेवढ्यात नव्या पाळीच्या माणसाने गोषवारा उघडला आणि स्क्रीनचा टास्क जागा झाला. त्याची प्रायॉरिटी नोंदीपेक्षा जास्त, म्हणून त्याने प्रोसेसर घेतला आणि ४६ मिलिसेकंद आलेख काढत बसला. कंट्रोल टास्क सर्वात वरचा, पण त्याला हवं असलेलं लॉक नोंदीच्या टास्ककडे आणि नोंदीच्या टास्कला प्रोसेसर मिळेना. सर्वात महत्त्वाचं काम बिनमहत्त्वाच्या आलेखासाठी खोळंबलं. याला प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणतात. ४ जुलै १९९७ ला मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक याच कारणाने पुन्हा पुन्हा रीसेट होत होता. तिथे हवामानाची माहिती गोळा करणारा खालचा टास्क लॉक धरून बसायचा. पृथ्वीवरून बदल पाठवून त्या लॉकवर प्रायॉरिटी इन्हेरिटन्स (लॉक धरणाऱ्याला वाट बघणाऱ्याची प्रायॉरिटी तात्पुरती मिळणं) चालू केलं गेलं आणि रीसेट थांबले.

आमच्या कार्डात लॉक म्हणून बायनरी सेमाफोर वापरला होता. फ्रीआरटीओएसमध्ये बायनरी सेमाफोरला इन्हेरिटन्स नसतं, म्युटेक्सला (खास लॉकसाठी असलेल्या प्रकाराला) असतं. कोडमध्ये दोन्ही सारखेच दिसतात, घ्यायची-द्यायची फंक्शनही तीच, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं दडून राहते. तुमच्या कोडमध्ये आत्ताच शोधा: जिथे सामायिक डेटा राखायला सेमाफोर वापरलाय तिथे तो म्युटेक्स म्हणून तयार केलाय का?

दुरुस्ती दोन पायऱ्यांत केली. सेमाफोरच्या जागी म्युटेक्स आणला. आणि त्याहून महत्त्वाचं, नोंदीच्या टास्कला लॉकच्या आत फक्त टेबलाची प्रत घ्यायला लावली. फॉरमॅट करणं, फ्लॅशमध्ये लिहिणं सगळं लॉक सोडल्यावर. म्युटेक्समुळे मधल्या टास्कची आडकाठी जाते, पण लॉकवाला स्वतःच फ्लॅश पुसण्याची वाट बघत असेल तर इन्हेरिटन्सने काही होत नाही. फ्लॅशचा एक सेक्टर पुसायला चाळीस-पन्नास मिलिसेकंद सहज लागतात.

६९ कुठून आले

कॅन बसवर दोघे एकदम बोलायला लागले तर ज्याचा आयडी लहान तो जिंकतो, दुसरा थांबतो. आणि एकदा फ्रेम (कॅनचा एक संदेश) वायरवर निघाली की ती पूर्ण होईपर्यंत कुणी मध्ये घुसू शकत नाही. कॅनओपनमध्ये हार्टबीटचा आयडी हेक्समध्ये ७०० अधिक नोड क्रमांक, आणि कार्डाकडून येणाऱ्या मोठ्या डेटाचा ५८० अधिक नोड क्रमांक. म्हणजे ठरलेल्या नियमानुसारच नोंदींची रद्दी हार्टबीटच्या पुढे जाते.

एरवी ते जाणवत नाही. पण पाळीच्या रिपोर्टसाठी गेटवे ब्लॉक ट्रान्स्फर वापरत होता. त्यात एका ब्लॉकमध्ये १२७ फ्रेम पाठोपाठ जाऊ शकतात. आठ बाइटची एक फ्रेम, स्टफिंगचे (कॅन स्वतः मध्ये घालतो ते जादा) जास्तीत जास्त बिट धरून, १३५ बिटांची. २५० किलोबिटवर ०.५४ मिलिसेकंद. १२७ गुणिले ०.५४ म्हणजे जवळपास ६९ मिलिसेकंद. चूटचं कार्ड ब्लॉक पाठवत असताना फायबरायझरचा हार्टबीट तेवढा वेळ दारात उभा. मोजलेला आकडा आणि कागदावरचा आकडा इतका जुळला तेव्हा मला खरंच समाधान वाटलं.

इथे आकड्यांच्या उलट्या चालीबद्दल सांगून ठेवतो, कारण नवीन मुलं हमखास फसतात. फ्रीआरटीओएसमध्ये प्रायॉरिटीचा आकडा मोठा तर काम महत्त्वाचं. लिनक्सच्या रिअल-टाइम शेड्युलरमध्येही तसंच. कॅनमध्ये आकडा लहान तर महत्त्वाचं. एकाच प्रोजेक्टच्या एकाच तक्त्यात दोन्ही लिहिलेले असतात. तक्त्यावर बाणाने दिशा काढून ठेवा.

दुरुस्ती: ब्लॉकची लांबी १२७ वरून १६ वर आणली. आता एका ब्लॉकची अडवणूक नऊ मिलिसेकंदांच्या आत. दोन ब्लॉकच्या मध्ये गेटवेच्या पोचपावतीची वाट बघताना बस मोकळी होते आणि हार्टबीट निघून जातो. रिपोर्ट यायला थोडा जास्त वेळ लागतो, त्याने कुणाचं काही अडत नाही. शिवाय प्रत्येक कार्डात हार्टबीटला कॅन कंट्रोलरची स्वतंत्र मेलबॉक्स (संदेश पाठवण्याची वेगळी जागा) दिली. सगळे संदेश एकाच रांगेतून सोडले तर कार्डाचा स्वतःचा हार्टबीट स्वतःच्याच नोंदींच्या मागे अडकतो, मग आयडी कितीही लहान ठेवा, उपयोग नाही.

दोघे मिळून

आता बेरीज करा. हार्टबीटचा नेहमीचा काळ ५० मिलिसेकंद. फक्त लॉकचा उशीर झाला तर अंतर ९८. फक्त बसचा झाला तर ११९. दोन्ही १५० च्या आत, ट्रिप नाही. दोन्ही एकाच हार्टबीटच्या वाट्याला आले तर १६७, आणि गव्हाण उभी. म्हणून रोज नाही, म्हणून फक्त पाळी बदलताना, म्हणून टेबलावर एकेक कार्ड तपासलं की सगळं उत्तम. मी आधी एकच गुन्हेगार शोधत होतो आणि प्रत्येकाला निर्दोष सोडत होतो.

जुन्या इतिहासाचाही उलगडा झाला. दोन हंगामांपूर्वी मर्यादा १०० होती, तेव्हाही ट्रिप यायच्या. कुणीतरी ती १५० केली आणि त्रास थांबला. बसचा ११९ त्यात झाकला गेला. यंदा स्क्रीनवर आलेख आला, त्याचे ४८ वर चढले आणि दुखणं परत उठलं. आम्हालाही सल्ला मिळालाच होता: ३०० करून टाका. गव्हाण मिनिटाला दहा मीटर धरली तर ३०० मिलिसेकंदांत ऊस पाच सेंटिमीटर सरकतो, यंत्राच्या दृष्टीने ते चाललंही असतं. पण अँपिअरचा संदेश त्याच टास्कमधून त्याच वायरीवर जातो. हार्टबीट उशिरा येतोय म्हणजे तोही शिळा येतोय. मर्यादा यंत्राच्या गरजेवरून ठरवा आणि कमाल उशीर मोजून त्याच्या शेजारी लिहा. दोन्ही आकडे माहीत असल्याशिवाय बदल करू नका.

दुसरा एक युक्तिवाद वारंवार ऐकला: ‘प्रोसेसर ४० टक्केच भरलाय, उशीर होईलच कसा?’ लिऊ आणि लेलँड या संशोधकांचं १९७३ चं गणित सांगतं की तीन टास्कांना त्यांच्या काळानुसार (काळ छोटा तर वरची) प्रायॉरिटी दिली तर ७८ टक्के भारापर्यंत सगळे वेळेत संपतात. पण त्यात गृहीत आहे की कुणी कुणासाठी लॉकवर थांबत नाही. लॉक आलं की सरासरी भार बघून काही कळत नाही. प्रत्येक टास्कसाठी त्याचं स्वतःचं काम, वरच्यांनी मध्ये येऊन खाल्लेला वेळ आणि खालच्याने लॉक धरून अडवलेला वेळ, अशी बेरीज करावी लागते. बसलाही तोच हिशोब: स्वतःची फ्रेम, आधीच निघालेली एक फ्रेम, आणि लहान आयडीच्या सगळ्या.

तुमचं उत्तर वेगळं निघालं तर

पहिला आकडा हळूहळू सरकत असेल, उडी मारत नसेल, तर टास्क ‘काम कर, मग ५० मिलिसेकंद झोप’ अशा पद्धतीने लिहिलाय का बघा. कामाचा वेळ दर फेरीत वर जमा होतो. ‘अमुक क्षणापर्यंत झोप’ असं सांगणारं फंक्शन वापरा.

ट्रिप लाईट जाऊन आल्यावर येत असेल तर गेटवेवर टाइमआउट कोणत्या घड्याळाने मोजला जातो ते तपासा. इंटरनेटवरून वेळ जुळली की भिंतीवरचं घड्याळ उडी मारतं आणि त्यावर मोजलेला टाइमआउट एका क्षणात संपतो. लिनक्सवर टाइमआउटला मोनोटॉनिक घड्याळच (वेळ जुळवली तरी उडी न मारणारं) वापरा. गेटवेमध्येच टास्क उशिरा जागे होत असतील तर रिअल-टाइम कर्नल (टास्क वेळेत जागे करणारा लिनक्सचा गाभा) घाला, ६.१२ आवृत्तीपासून ते मूळ लिनक्समध्येच आहे.

संदेश टीसीपीवरून जात असतील आणि उशीर नेमका ४० मिलिसेकंदांचा दिसत असेल, तर छोटे संदेश साठवून पाठवण्याची टीसीपीची सवय आणि समोरून उशिरा येणारी पोचपावती यांची ती गाठ आहे. सॉकेटवर ‘नो डिले’ लावा.

सध्याची स्थिती

दोन्ही दुरुस्त्या झाल्यावर हिशोबाने सर्वात वाईट अंतर ५० अधिक ब्लॉकचे ९ अधिक लॉकचे २, आणि मध्ये येणाऱ्या लहान आयडीच्या डझनभर फ्रेमचे साडेसहा, म्हणजे ६८ च्या आत. तीन आठवड्यांत प्रत्यक्ष दिसलेली कमाल ६४. मर्यादा १५० च ठेवली आहे. गेटवेला सांगितलंय की पाळी बदलली की लगेच नोंदी मागू नकोस, पाच मिनिटं थांब आणि एकेका कार्डाला विचार.

तिसरा आकडा, पाळीतलं सर्वात मोठं अंतर, आता गव्हाणीच्या पॅनेलवर कायम दिसतो. अण्णांनी वहीत त्यासाठी वेगळा रकाना आखलाय. पाळी संपताना ते आकडा लिहितात आणि बटण दाबून शून्य करतात. ९० च्या वर गेला तर गव्हाण चालू असतानाच मला फोन करायचा, असं आमचं ठरलंय.